वाघोबाची ओटी

१

वाघोबा जागेवर नव्हता.

जांभळीखालचा दगडी चौथरा तसाच होता. मधोमध, जिथं देव बसायचा तिथं, नुसता खळगा उरला होता. कडेला सुकलेल्या शेंदराच्या खपल्या आणि तळाशी कुंकू लागलेले थोडे तांदूळ. मुंग्या लागल्या होत्या त्यांना. कातळवाडीची ठाकरं चौथऱ्यापासून लांब, उतारावर बसून होती. घरात मयत झाल्यावर अंगणात बसतात तशी बसली होती.

दिगंबर टिपणीस गुडघ्यांवर हात टेकून खळग्यात पाहत राहिले. कर्जतच्या कोर्टात त्यांची हयात गेली होती. आधी कागदांच्या नकला केल्या, मग जबान्या उतरवल्या, आणि आता कित्येक वर्षं साक्षीदारांना शपथ देण्याचं काम त्यांच्याकडे होतं. साक्षीदार पिंजऱ्यात चढला की ते उठायचे आणि म्हणायचे, "ईश्वरास स्मरून खरं सांगेन, खोटं सांगणार नाही, म्हणा." तालुक्यात लोक त्यांना 'शपथवाले कारकून' म्हणूनच ओळखत. नोकरीला लागले तेव्हा हे शब्द उच्चारताना त्यांच्या अंगावर काटा येई. पुढे त्याच शब्दांच्या पाठोपाठ माणसं बिनदिक्कत खोटं बोलताना त्यांनी इतकी पाहिली, की काटा यायचा थांबला. अलीकडे तर शपथ देता देता घरी कुठली भाजी न्यायची हा विचार मनात चालू असे.

आजची शपथ कोर्टात नव्हती. कातळवाडीच्या ठाकरांनी लोधिवलीच्या येसाजीवर दावा लावला होता. वाडीखालचा माळ आणि त्यातला बारमाही झरा कुणाचा, एवढाच प्रश्न. ठाकर म्हणत, प्लेगाच्या साली येसाजीच्या बापानं, धर्माजीनं, तो माळ वाडीला तोंडी देऊन टाकला. येसाजी म्हणे, असं काही झालंच नाही. कागद नव्हता. धर्माजी वारला होता, आणि त्याच्या हातून माळ घेणारा ठाकरही वारला होता. शेवटी वाडीचा पुढारी शुक्रा कोर्टात उभा राहून म्हणाला, "येसाजीनं आमच्या वाघोबावर हात ठेवून सांगावं, बापानं माळ दिला नाय म्हून. त्यानं सांगितलं की आमी माळ सोडला." कायद्यात अशा शपथेची सोय होती. एका बाजूनं मागितली, दुसरीनं घेतली, की तोच निकाल. सबजज्जसाहेबांनी ती मान्य केली आणि कोर्टाचा कमिशनर म्हणून टिपणिसांना वाडीवर धाडलं.

आणि आता देवच नव्हता.

"चोर सरळ दिसतोय," चौक गावाहून आलेले फौजदार म्हणाले. त्यांच्या दोन शिपायांनी एका उंच, काटक तरुणाला दंडाला धरून पुढं आणलं. तो शुक्राचा पुतण्या मंगळ्या होता. "सगळी वाडी शपथ हवी म्हणत होती, हा एकटा नको म्हणत होता. विचारा त्याला."

टिपणिसांनी विचारलं, "खरं आहे?"

"खरं हाय," मंगळ्या म्हणाला. "मीच नको म्हनत होतो. आजबी नको म्हनतोय."

२

टिपणिसांनी त्याला जांभळीपासून दूर नेऊन बसवलं. शिपाई जरा अंतरावर थांबले.

"तुझा वाघोबावर विश्वास नाही का रे?"

"हाय ना. खोटी शपत घेनाऱ्याला वाघोबा ठेवत नाय. त्याला होळी दिसत नाय." मंगळ्यानं खालच्या माळाकडं पाहिलं. हिवाळ्याचं ऊन पडलं होतं, नाचणी कापून झाली होती, आणि झऱ्याच्या कडेनं तेवढी हिरवी रेघ उरली होती. "पन साहेब, येसाजी मेला म्हून माळ माघारी येनार हाय काय? वाघोबा काय कोरटात येऊन सांगनार हाय? आमच्या म्हाताऱ्यांना वाटतं, देवाम्होरं कुनी खोटं बोलतच नाय. मी खोपोलीला कामावर जातो. मानसं कशी बोलतात ते मी पायलंय."

"म्हणजे शपथ मोडावी असं तुला वाटत होतं."

"वाटत होतं."

"मग देव तू हलवलास?"

मंगळ्यानं जांभळीकडं पाहिलं. मग म्हणाला, "मला त्याला हात लावायचं धाडस झालं नसतं."

टिपणिसांनी आतापर्यंत ह्या चालीची शेकडो उत्तरं ऐकली होती. खरं की खोटं हे आवाजावरून ओळखता येतं असा कोर्टातल्या लोकांचा समज असतो. टिपणिसांचा तो समज केव्हाच गेला होता. त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

तेवढ्यात येसाजी जवळ आला. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, अंगात कोट, डोक्याला नवा फेटा. मुंबईच्या एका शेठला हवापाण्यासाठी बंगला बांधायचा होता आणि येसाजीनं त्याला झऱ्याचा माळ देण्याचा शब्द दिला होता, ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती.

"कारकूनसाहेब, ह्या लोकांनी देव लपवला, त्याला मी काय करू? तुम्ही दुसरा देव सांगा. कर्जतला चला, खालापूरला चला, म्हणाल त्या देवळात हात ठेवतो. आत्ता चला. दगड तो दगड."

शुक्रानं मान वर केली. म्हातारा इतका वेळ एक शब्द बोलला नव्हता. "येसा," तो हळू म्हणाला, "असं नको बोलूस रं."

येसाजीनं त्याच्याकडं पाहिलं नाही.

फौजदारांना मंगळ्याला तिथल्या तिथं न्यायचं होतं. टिपणीस म्हणाले, "फौजदारसाहेब, शपथेचं काम कोर्टानं माझ्यावर सोपवलंय. सोमवारपर्यंत मला चौकशी करू द्या. तोवर देव मिळाला नाही, तर मी तसं कळवीन आणि शपथ दुसऱ्या देवळात होईल. मग तुम्ही ह्याला न्या." फौजदार नाखुशीनंच तयार झाले. मंगळ्याला तोवर लोधिवलीच्या चावडीत बसवायचं ठरलं.

उतरणीची वाट वाडीतल्या झोपड्यांमधून जात होती. देवाचा भगत नवशा, त्याच्या झोपडीपाशी टिपणीस थांबले. नवशाची बायको आवडी दारात नाचणी पाखडत होती. तिचं लुगडं विरलेलं होतं, जागोजाग दंड घातलेला. आणि त्यावर चोळी होती कोऱ्या करकरीत हिरव्या खणाची.

३

"आवडे, चोळी नवी दिसते."

सुपातली नाचणी तशीच राहिली. आवडी उठून आत गेली, आणि तिच्याऐवजी नवशा बाहेर आला. हसत होता, पण डोळे हसत नव्हते.

"बाजारातनं घेतली, साहेब."

"कुठल्या बाजारातनं?"

"चौकाच्या."

"कधी?"

नवशानं डोकं खाजवलं. टिपणीस दारातल्या दगडावर बसले. त्यांना घाई नव्हती. कोर्टात त्यांनी एक गोष्ट मात्र शिकून ठेवली होती, की माणसाला प्रश्न विचारत सुटण्यापेक्षा त्याच्यासमोर नुसतं बसून राहिलं तर तो लवकर बोलतो. इरशाळगडाच्या सुळक्यावर घारी फिरत होत्या. त्यांच्याकडं पाहत ते बसून राहिले.

शेवटी नवशाच खाली बसला.

"साहेब, मी देव नाय नेला. भगत देव कशाला नेईल? मी गेलो तवा देव नव्हताच. परवा सगळे भाताच्या झोडणीला खाली गेलते. दुपारच्याला मी आलो दिवा लावायला, तर खळगा मोकळा. आनि त्यात..." तो अडखळला. "त्यात नारळ होता. खण होता. तांदूळ. मी नारळ फोडून खाल्ला. खण हिला दिला. मंग भ्या वाटलं, म्हून बोललो नाय."

"खण, नारळ आणि तांदूळ," टिपणीस म्हणाले. "आणि कुंकू."

"व्हय."

"म्हणजे ओटी."

"तेच तर." नवशाच्या आवाजात आता भीतीपेक्षा राग जास्त होता. देवाच्या रीतीभातीचा प्रश्न होता तो. "वाघोबाला आमी कोंबडं देतो, ताडी देतो. ओटी देवीची भरतात. ह्यो गडी देव हाय. गडी देवाची ओटी कोन भरतं? आमच्या वाडीतलं बारकं पोरगंसुदिक असं करनार नाय."

टिपणीस उठले. देव चोरताना कुणीतरी त्याची माफी मागितली होती. आणि माफी मागायची एकच रीत त्या माणसाला येत होती, आणि ती रीत ह्या वाडीची नव्हती.

वाट उतरताना, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, त्यांच्या अंगावरून काहीतरी सरसरत गेलं. ते थांबले आणि मागं वळून जांभळीकडं पाहिलं. नक्की कशानं आपल्याला असं झालं, ते त्यांना कळेना.

४

लोधिवलीला येसाजीचं घर गावाच्या टोकाला होतं. टिपणीस दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तेव्हा येसाजी शेठच्या माणसाला भेटायला चौकाला गेला होता. ओसरीवर त्याची आई भागूबाई तांदूळ निवडत बसली होती. पांढऱ्या केसांची, मोकळ्या कपाळाची, वाळून गेलेली म्हातारी. तिनं टिपणिसांना घोंगडी टाकली.

"येसा घरी नाय. तुमी सावकाश बसा."

येसाजीची बायको सोनाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातभर बांगड्या. तांब्या ठेवताना थोडं पाणी जमिनीवर सांडलं.

"सोनाबाई," टिपणीस सहज म्हणाले, "देव कुणी नेला असेल, काही कानावर आलं का?"

"मला काय ठावं? मी घरातली बायमानूस."

"शपथ झाली नाही. बरं वाटलं असेल?"

सोनाबाई सांडलेलं पाणी पुसू लागली. भागूबाईच्या सुपातला हात थांबला.

"तिला कशाला इचारता, साहेब?" म्हातारी म्हणाली. "तिला त्यातलं काय ठावं? जे झालं ते ती ह्या घरात यायच्या आधी झालं."

आपल्या तोंडून काय गेलं ते भागूबाईला उमगलं की नाही, टिपणिसांना सांगता आलं नसतं. तिनं पुन्हा मान खाली घातली आणि खडे वेचू लागली. येसाजी कोर्टात म्हणाला होता, काही झालंच नाही. ही म्हणत होती, जे झालं ते.

टिपणीस पाणी प्यायले. ओटी सुवासिनीनं भरायची. त्यांची स्वतःची आई विधवा झाल्यावर कुणाचीही ओटी भरायची वेळ आली की दाराआड जाऊन उभी राहायची, ते त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं होतं. म्हणजे खण ठेवणारे हात सोनाबाईचे. पण सोनाबाईला तर प्लेगाच्या सालातलं काही ठाऊक नव्हतं. नवरा खोटी शपथ घेणार आहे हे तिला कसं कळणार होतं?

सोनाबाई रिकामा तांब्या घेऊन आत निघाली. माजघराचं दार उघडंच होतं. कोपऱ्यात नव्या भातानं भरलेली मोठी कणगी उभी होती, शेणानं सारवलेली, वर झाकण घातलेली. कणगीसमोरून जाताना सोनाबाईनं पदर डोक्यावर ओढून घेतला. आत गेली. थोड्या वेळानं काही आणायला पुन्हा बाहेर आली आणि कणगीपाशी पुन्हा पदर सावरला.

आत कुणी दीर नव्हता, सासरा नव्हता. पदर घ्यावा असं त्या कोपऱ्यात कुणीच नव्हतं. टिपणीस कणगीकडं पाहत राहिले, आणि त्यांच्याही नकळत त्यांचा हात डोक्यावरच्या पगडीकडं गेला, नीट आहे की नाही ते पाहायला.

५

ते तिथं काही बोलले नाहीत. दुपारी भागूबाई खळ्यावर एकटी बसली होती, पाखरं हाकत. टिपणीस तिच्यासमोर पेंढ्यावर बसले.

"भागूबाई, मी फौजदार नाही. कुणाला धरायचं माझ्या हातात नाही. मी काय समजलो ते सांगतो. चुकलं तर सांगा."

म्हातारीनं गोफण खाली ठेवली.

"देव कुणी नेला असेल? मी आधी म्हटलं, ज्याला खोटं बोलायचंय त्यानं, घाबरून. पण येसाजी घाबरत नाही. तो दुसऱ्या देवळात निघाला होता. मग म्हटलं, मंगळ्यानं, माळ वाचवायला. पण वाडीचा माणूस वाघोबाची ओटी भरणार नाही. मग उरलं कोण? ज्याला ठाऊक आहे की शपथ खोटी होणार. वाघोबा खरा आहे अशी ज्याची खात्री आहे. आणि येसाजीचा जीव ज्याला वाचवायचाय." टिपणीस थांबले. "ओटी सुवासिनीनं भरली. पण आधीचं ठाऊक असणारी सुवासिनी नव्हे. हे एकटीनं झालेलं नाही. एकीनं सांगितलं, दुसरीनं पदर पसरला. आणि दोघींनी मिळून देव डोक्यावरून आणला."

भागूबाईनं खळ्यातल्या भाताकडं पाहिलं.

"लाकडांच्या पाटीत आनला," ती म्हणाली. "खाली देव, वर फाटी. वाटंत लोकं भेटली, कुनी पुसलं नाय. कनगीत ठेवलाय. उघड्यावर नाय टाकला. धान्यात बसवलाय, दिवा दाखवतो."

"प्लेगाच्या साली काय झालं?"

"गाव सोडून आमी समदी डोंगरात पळालो. कुनी जवळ करंना. शुक्राच्या बापानं त्या जांभळीखाली जागा दिली. येसा बारका होता. त्याला ताप भरला, काखंत गाठ आली. मी त्याच्यावर पानी सोडलं होतं. शुक्राची आय जनी, ती ठाकरीन, तिनं त्याला मांडीवर घेतला. लोकं मानसाला शिवत नव्हती, तवा तिनं घेतला. पेज पाजली, पाला बांधला. पोर जगला." म्हातारीचा आवाज जराही हलला नाही. "त्येंनी, येसाच्या बापानं, वाघोबाम्होरं माळाची मूठभर माती शुक्राच्या बापाच्या हातात दिली. म्हनले, जोवर झरा वाहातोय तोवर तुमचा. येसा समोर बसला होता. त्याला समदं ठावं हाय."

"मग तो असं का करतोय?"

"शेठला शब्द दिलाय. आनि आता मनाला समजावतो, बाप तापात होता, भ्यालेला होता, तसलं बोलनं काय खरं धरायचं. मोठा झालाय. मला बोलू देत नाय."

"तुम्ही कोर्टात का सांगितलं नाहीत?"

"मला कुनी इचारलंच नाय, साहेब. आनि इचारलं असतं तरी पोटच्या पोराला चारचौघांत खोटा कशी पाडू?" ती थोडं थांबली. "आनि गप बसून मरू बी कशी देऊ? रातध्याड तेच डोक्यात. मंग सुनंला सांगितलं. तिनं एक शब्द इचारला नाय. उठली, पेटीतला खण काढला."

हजारो माणसांना त्यांनी शपथ दिली होती. पिंजऱ्यात उभं राहून तोंडानं पुटपुटणारी, नजर चुकवणारी, हसणारी, रडणारी, सगळी माणसं. पण शपथ खरोखर लागते असं मानून तिच्या वाटेत देव उचलून नेणारं माणूस त्यांना आजवर भेटलं नव्हतं. समोर पेंढ्यावर बसलेल्या त्या लहानखुऱ्या म्हातारीकडं पाहताना त्यांना वाटलं, आपण उभं राहिलं पाहिजे.

"भागूबाई, एक गोष्ट सांगणं माझं काम आहे," ते म्हणाले. "देव लपवून शपथ चुकणार नाही. सोमवारी मी देव नाही म्हणून कळवलं की कोर्ट दुसरं देऊळ ठरवील. येसाजी तिथं बोलेल ते बोलेल. आणि मंगळ्याला बेड्या पडतील."

म्हातारीनं गोफण हातात घेतली, पण खडा घातला नाही. गोफणीची दोरी बोटाला गुंडाळत राहिली.

"सोमवारी कवा यायचं?" तिनं विचारलं.

६

सोमवारी सकाळी जांभळीखाली सगळे जमले. फौजदार आले होते, मंगळ्या दोन शिपायांच्या मधे उभा होता. येसाजी एका बाजूला, हात पाठीशी बांधून. शुक्रा चौथऱ्याच्या पायथ्याशी बसला होता आणि रिकाम्या खळग्याकडं पाहत होता.

"टिपणीस, आणखी किती वेळ?" फौजदारांनी विचारलं.

"माणसं येताहेत," टिपणीस म्हणाले.

माळाच्या वाटेनं दोन बाया वर चढत होत्या. पुढं भागूबाई, डोक्यावर पाटी. मागं सोनाबाई, पाटीला हात देऊन. चढ खडा होता. म्हातारी दर थोड्या वेळानं थांबत होती, पण पाटी तिनं सुनेला दिली नाही, आणि वरूनही कुणी मदतीला गेलं नाही. पाटीत नवा भात होता आणि भातातून शेंदरी माथा वर आला होता.

ठाकरं एकेक करत उठून उभी राहिली.

येसाजीचे पाठीशी बांधलेले हात सुटले. "आई," तो म्हणाला.

फौजदार पुढं सरसावले. टिपणिसांनी हात आडवा केला. कोर्टात त्यांनी आवाज कधी चढवला नव्हता. आजही चढवला नाही. "थांबा. कोर्टाचं काम चालू आहे."

नवशानं पाटी उतरवून घेतली आणि दोन्ही हातांनी देव खळग्यात बसवला. शेंदराला भाताचे दाणे चिकटले होते. ते त्यानं पुसले नाहीत. भागूबाई चौथऱ्याच्या कडेला, देवाच्या शेजारी खाली बसली. धाप लागली होती, ती ओसरेपर्यंत कुणी हललं नाही.

"येसा," ती म्हणाली, "देव आनलाय. तुला बोलायचं ते बोल. मी काय बोलनार नाय. मी हितं बसते."

टिपणिसांनी येसाजीला पुढं बोलावलं. त्यानं वहाणा काढल्या, चौथऱ्यावर गुडघे टेकले आणि उजवा हात दगडावर ठेवला.

"म्हणा," टिपणीस म्हणाले. "वाघोबाला साक्ष ठेवून खरं सांगतो."

"वाघोबाला साक्ष ठेवून खरं सांगतो."

"माझ्या बापानं हा माळ वाडीला दिला नाही."

येसाजीचे ओठ हलले. वारा पडला होता. खाली झऱ्याचं पाणी दगडांवरून जातानाचा आवाज वरपर्यंत येत होता.

शपथेचं वाक्य पुन्हा सांगणं टिपणिसांचं काम होतं. त्यांनी पुन्हा सांगितलं. "माझ्या बापानं हा माळ वाडीला दिला नाही, म्हणा." हे वाक्य समोरच्या माणसानं उच्चारलं तर काय होईल, ह्याची त्यांना भीती वाटत होती. माळाची नव्हे, निकालाची नव्हे. त्या म्हातारीसमोर, त्या दगडासमोर काय होईल ह्याची.

येसाजीनं आईकडं पाहिलं. ती त्याच्याकडं पाहत नव्हती. डोळे मिटून बसली होती, आणि तिचे दोन्ही तळवे मांडीवर उघडे पडले होते, मनगटांपर्यंत शेंदरानं माखलेले.

त्याचा हात दगडावरून निसटला.

"दिला होता," तो म्हणाला. इतक्या हळू, की मागच्यांना ऐकू गेलं नाही. मग त्यानं घसा खाकरला. "दिला होता. मूठभर माती दिली होती. मी हितंच होतो. जनीआजीच्या मांडीवर डोकं होतं माझं." आणि चौथऱ्यावर कपाळ टेकून तो रडू लागला.

शुक्रा काठी टेकत उठला, येसाजीजवळ गेला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. शिपायांनी मंगळ्याचे दंड केव्हा सोडले ते त्यांचं त्यांनाही कळलं नसावं. मंगळ्या चौथऱ्याकडं पाहत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याची काहीच खूण नव्हती. भांबावला होता तो.

टिपणिसांनी लिहायला घेतलं. पहिली ओळ त्यांना दोनदा खोडावी लागली.

फौजदार थोडे खाकरले. "शपथेचं झालं. पण देव चोरीला गेल्याची तक्रार आहे, तिचं काय?"

नवशा भगत पुढं झाला. "साहेब, चोरीला कुठं गेलता? लोधिवलीला पावना गेलता. त्येंनी ओटी भरून नेला, ती ओटी आमाला मिळाली." त्यानं घरच्या बाईकडं पाहिलं. आवडीनं हिरव्या चोळीवर पदर ओढून घेतला. फौजदार काही बोलणार होते, पण त्यांनी टोपी काढली, हातात धरली आणि तसेच उभे राहिले.

ऊन वर आल्यावर माणसं पांगायला लागली. येसाजी शुक्राबरोबर झऱ्याकडं गेला होता, तोंड धुवायला. सोनाबाई सासूला उठवत होती. टिपणीस कागद गुंडाळून त्यांच्याजवळून निघाले, तेव्हा भागूबाईनं त्यांना थांबवलं.

"कारकूनसाहेब, येसा खोटं बोलला असता, तर तुमी लिवलं असतं?"

टिपणिसांनी हातातल्या कागदांकडं पाहिलं.

"लिहिलं असतं. दुसरं काही लिहिण्याचा मला अधिकार नव्हता."

"तुमाला समदं ठावं असून?"

"ठाऊक असून."

म्हातारीनं त्यांच्याकडं नीट पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. "मंग तुमचं काम आमच्यापरीस अवघड," ती म्हणाली, आणि सुनेच्या खांद्याला धरून वाट उतरू लागली.

खाली छकडा जुंपून उभा होता. गाडीवान हाका मारत होता. टिपणीस मात्र वळले आणि पुन्हा जांभळीपाशी आले. तिथं आता कुणी नव्हतं. त्यांनी वहाणा काढल्या. एक पाय चौथऱ्याच्या दगडावर ठेवला आणि तो मागं घेतला. वर चढून वाघोबाला हात लावायचं त्यांना धाडस झालं नाही. खाली जमिनीवरच उभं राहून त्यांनी हात जोडले. तोंडातून एकही शब्द निघेना. तसेच ते कितीतरी वेळ उभे राहिले.